दुर्गम डोंगरातल्या अवघड वाटा आणि माउंटन बाइक: वाट पारखणं, ब्रेक, टायर, वळणं

कडेकपारी

बाइक पार्कमधला काळा ट्रेल आणि दुर्गम डोंगरातली जुनी पायवाट, दोन्ही अवघडच म्हणवतात, पण त्यांच्या अवघडपणाची जात वेगळी आहे. पार्कमधली वाट चाकासाठी खणलेली असते. वळणाला बाहेरून मातीचा बांध असतो, उडीपुढे उतरण असते, कोणीतरी ती तपासलेली असते. पायवाट पावलांनी पडलेली असते, माणसांच्या आणि गुरांच्या. पायऱ्यांची उंची गुडघ्याच्या हिशेबाने असते, वळणं माणूस जागच्या जागी वळतो तितकी आखूड असतात आणि आडव्या दगडांची रांग पाणी बाजूला काढायला बसवलेली असते, नेमकी चाकाच्या आडवी.

वर्गवारीबद्दल: काही देशांत हिरवा, निळा, काळा असे रंग वापरतात, काही ठिकाणी निळ्या-काळ्यामध्ये लालही असतो. आल्प्सच्या भागात एस० ते एस५ अशी सिंगलट्रेल मोजपट्टी चालते. एस१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत उतार, एस२ मध्ये ७० टक्क्यांपर्यंत, एस३ त्याहून खडा आणि वळणं आखूड. ७० टक्के म्हणजे साधारण ३५ अंश. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण पेडलवर उभं राहून खाली पाहिलं की समोर जमीनच दिसत नाही.

या मोजपट्टीत फक्त तांत्रिक अवघडपणा येतो. पडल्यावर काय होईल ते येत नाही. गवताळ उतारावरचा एस२ आणि दरीच्या काठावरचा एस२ यांना एकच आकडा मिळतो. म्हणून माझं मत असं की अनोळखी वाटेवर आकड्याच्या आधी हे पाहावं: पुढच्या दहा मीटरमध्ये सायकल पूर्ण थांबवता येईल अशी जागा आहे का, आणि थांबल्यावर पाय टेकायला डोंगराकडची बाजू मिळते का. उत्तर नाही असेल तर तेवढा टप्पा सायकल हातात धरून उतरायचा, आकडा एस१ असला तरी.

नकाशाही बराच बोलतो. १:२५,००० च्या नकाशावर ४ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १०० मीटर. तेवढ्यात १० मीटर अंतराच्या समोच्च रेषांवरून वाट ५० मीटर खाली आली तर उतार ५० टक्के. वाट या रेषांना काटकोनात छेदत असेल तर ती पाण्याचीही वाट असणार. मध्ये खोल घळ, तळाला सुटे गोटे. वाट बांधणारे निम्म्याचा नियम पाळतात: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटेतूनच धावतं. जुन्या पायवाटांवर हा नियम अनेकदा मोडलेला असतो. कुठे घळ असेल याचा अंदाज त्यामुळे घरी बसून बांधता येतो.

बाकीच्यांनी ब्रेक, टायर, तंत्र यावर लिहावं.

स्पोक३२

उत्तम धागा. ब्रेकपासूनच सुरू करू. ५००-६०० मीटर सलग उतार असला की शेवटच्या टप्प्यात लिव्हर मऊ पडतो, हँडलला टेकेपर्यंत येतो. ब्लीड करूनही (आतली हवा आणि जुनं तेल काढूनही) फरक नाही. पुढे १८०, मागे १६० मिमीचे रोटर (ब्रेकच्या धातूच्या चकत्या), त्यांना घासणारे पॅड रेझिनचे. रोटर बदलावेत की पॅड?

तेलपाणी

आधी लक्षण नीट वेगळं करा, कारण दोन बिघाड सारखेच वाटतात आणि उपाय उलटे असतात.

लिव्हर हँडलपर्यंत येतो, दोन-तीनदा दाबल्यावर परत घट्ट होतो: कॅलिपरमधलं (चाकाजवळच्या, पॅड दाबणाऱ्या भागातलं) तेल उकळतंय किंवा आत हवा आहे. लिव्हर दगडासारखा घट्ट, पण सायकल थांबत नाही: तेल ठीक आहे, पॅड तापून पकड सुटली आहे किंवा पॅडवर तेलकट थर चढला आहे. तुमचं पहिलं दिसतंय.

उष्णतेचा हिशेब करा म्हणजे रोटरचा आकार का महत्त्वाचा ते कळेल. सायकल आणि स्वार मिळून ९५ किलो, उतार ६०० मीटर. ही सुमारे ५६० किलोज्यूल ऊर्जा झाली. एवढ्यात २० अंशांचं दीड लिटरहून जास्त पाणी उकळीपर्यंत येतं. सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जात नाही, काही हवेत जाते, काही टायर आणि सस्पेन्शनमध्ये. पण उतार जितका खडा आणि वेग जितका कमी, तितका ब्रेकचा वाटा वाढत जातो. म्हणजे अवघड वाटेवर हळू उतरणाऱ्याचेच ब्रेक सर्वांत जास्त तापतात. वेगात उतरणाऱ्याला निदान वारा मदत करतो.

तेव्हा पुढे २०३, मागे १८० करा. आधी फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि फ्रेमच्या पुस्तिकेत कमाल किती रोटर चालतो ते बघा, त्यापुढे जाऊ नका. १८० वरून २०३ ला गेलात की त्याच बोटाच्या जोरावर सुमारे १३ टक्के जास्त थांबवण्याची ताकद मिळते, शिवाय तापायला धातू जास्त. पॅड धातूचे घ्या. थंड असताना ते थोडे सुस्त असतात आणि आवाज करतात, पण लांब उतारावर टिकतात. फक्त रोटरवर 'केवळ रेझिन पॅड' असं कोरलेलं नाही ना, ते तपासा. तसा रोटर धातूच्या पॅडने भराभर झिजतो.

तेलाबद्दल: डॉट ५.१ नवं असताना किमान २६० अंशांना उकळतं. ते हवेतली ओल शोषतं आणि ओल मुरली की हीच मर्यादा १८० पर्यंत उतरते. वर्षातून एकदा बदला. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही. पण आत शिरलेलं पाणी त्यात मिसळतही नाही, ते सर्वांत खालच्या जागी म्हणजे कॅलिपरमध्ये जमतं आणि १०० अंशांना उकळतं. म्हणजे मिनरल ऑइल आहे म्हणून ब्लीड नको, हा समज चुकीचा. एकाचं तेल दुसऱ्यात कधीही घालू नका, आतली सीलं फुगून ब्रेक निकामी होतो.

सावकाश_उतार

+१. सामानाइतकीच सवयही महत्त्वाची. अख्खा उतार दोन्ही ब्रेक हलके धरून ठेवले तर रोटरला निवायला क्षणभरही मिळत नाही. जिथे जमीन घट्ट आहे, वाट सरळ आहे, तिथे दोन सेकंद जोरात दाबा, वेग पाडा आणि पूर्ण सोडा. रुंद वळणात, मुळांवर, ओल्या कातळावर चाक मोकळं फिरू द्या. ब्रेक कुठे लावायचा ही जागा आधीच हेरता आली पाहिजे, आणि त्यासाठी नजर चाकापुढे नाही, चार-पाच सायकली पुढे हवी.

लिव्हर हँडलच्या मुठीपासून आत सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या खोबणीत बसेल. एका बोटाने ब्रेक, बाकी बोटं मुठीवर. लिव्हर खूप खाली झुकवलेले असतील तर खड्या उतारावर मनगट मुडपतं आणि तळहाताचा आधार जातो. जमिनीला बरेचसे समांतर ठेवा.

थांबल्यावर रोटरला हात लावू नका आणि तापलेल्या रोटरवर पाणी ओतू नका. तो वाकतो.

निळीमाती

टायरच्या हवेबद्दल. ७५ किलोचा स्वार, २९ इंची चाक, २.४ इंची ट्यूबलेस टायर: पुढे २१-२२ पीएसआय, मागे २४-२५ पासून सुरुवात करा. तिथून एकेक पीएसआय बदला. वळणात टायर डगमगतोय, रबर रिमवरून कलंडल्यासारखं वाटतंय, तर वाढवा. गोट्यांवर रिमचा 'टण्' असा आवाज एका उतारात एकदोनदा आला तर हवा कमी आहे.

मात्र पायपंपाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. तो १०० च्या पुढे मोजायला बनवलेला असतो, २० च्या आसपास दोन-तीन पीएसआय सहज चुकतो, आणि इथे दोन पीएसआयमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. छोटा डिजिटल मापक घ्या.

स्पोक३२

पायथ्याशी हवा भरून वर गेल्यावर ती कमी होते ना? वर थंडी असते. मग दोन पीएसआय जास्तच भरून निघावं का?

निळीमाती

नको. थंडीचा अर्धाच हिशेब झाला. २४ पीएसआय असलेला टायर ३० अंशांवरून १५ अंशांवर आला तर सुमारे १.९ पीएसआय घटतात, हे बरोबर. पण समुद्रसपाटीजवळून १५०० मीटर वर गेलात की बाहेरच्या हवेचा दाब सुमारे २.४ पीएसआयने कमी होतो, म्हणजे मापकावर टायर तेवढाच जास्त दाखवतो आणि हातालाही तेवढाच जास्त घट्ट लागतो. दोन्ही मिळून जवळजवळ फिटतं. वर अर्धा-एक पीएसआय वाढलेलाच दिसेल. फोर्क आणि शॉकमध्ये (मागच्या सस्पेन्शनमध्ये) हवा ७०-२०० पीएसआय असते, त्यामुळे उंचीचा हा फरक तिथे जाणवत नाही.

सीलंट (बारीक भोक आपोआप बुजवणारं टायरमधलं द्रव) २९ × २.४ ला ९० ते १२० मिली. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं. शिल्लक किती ते टायर न काढता बघता येतं: व्हॉल्व्ह घड्याळातल्या पाचच्या जागी आणा, थोडा वेळ थांबा, हवा काढा, व्हॉल्व्हचा गाभा काढून एक बारीक झिप टाय आत सोडा. ओलं टोक किती बुडालं ते दिसतं. काहीच ओलं नाही, नुसत्या रबराच्या चिकट गुठळ्या लागल्या, तर त्या टायरवर डोंगरात जाऊ नका.

तेलपाणी

प्लगबद्दल भर घालतो. तळाला काट्याचं किंवा दगडाचं सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक दोरीच्या प्लगने बंद होतं. भोक खाली आणा म्हणजे सीलंट तिथे जमेल, प्लगचं टोक सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या, कापत बसू नका. टायरची बाजूची भिंत फाटली असेल तर प्लग टिकत नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घालावी लागते.

इथेच बहुतेक जण दोनदा अडकतात. एक, ट्यूबलेस व्हॉल्व्हची चकती सुकलेल्या सीलंटने इतकी घट्ट बसते की बोटांनी सुटत नाही, छोटी पक्कड लागते. दोन, ट्यूबलेस टायरमध्ये आधीचे काटे तसेच रुतलेले असतात, सीलंटने ते कधीच बुजवलेले असतात, म्हणून कळत नाहीत. ट्यूब घालायच्या आधी हातमोजा टायरच्या आतून फिरवा, एकेक काटा काढा. नाहीतर ती ट्यूब शंभर मीटरही जात नाही.

पाऊलखूण

सस्पेन्शनचं कोणी लिहिलं नाही. सॅग, म्हणजे नुसत्या स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन जितकं दबतं ते, पुढे १५-२० टक्के, मागे २८-३०. १४० मिमी फोर्क असेल तर २८ मिमी म्हणजे २० टक्के. शॉकचा स्ट्रोक (दबायचं पूर्ण अंतर) ५५ मिमी असेल तर ३० टक्क्यांना १६.५ मिमी. हे मोजताना पाण्याची पिशवी, हेल्मेट, हत्यारं सगळं अंगावर हवं, आणि पेडलवर उभं राहून मोजा. हवा भरल्यावर शॉक आठ-दहा वेळा दाबून सोडा म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब समान होईल, मगच मापक लावा.

पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेवर खरा घात मंद रिबाउंड (दबल्यावर परत वर येणं) करतो. पहिल्या पायरीवर फोर्क दबला, वर यायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. चौथ्या पायरीला फोर्क जवळजवळ तळाशी, समोरची बाजू खाली गेलेली, आणि स्वाराला वाटतं की फोर्क कडक आहे, म्हणून तो हवा आणखी कमी करतो. उलट करायचं: रिबाउंड दोन टिचक्या मोकळा.

सावकाश_उतार

आता आखूड वळणं, कारण पायवाटांवर सर्वांत जास्त लोक तिथेच उतरतात.

'उतारावर मागे झुका' हा सल्ला अर्धवट आहे. ढुंगण मागच्या चाकावर नेलं की पुढच्या चाकावरचं वजन जातं, आणि दिशा आणि थांबणं, दोन्ही तर पुढच्याच चाकावर असतात. वजन पायांवर, टाचा खाली, छाती हँडलच्या वर, कोपर बाहेर, हात हलके. उतार खडा होईल तसं शरीर आपोआप सायकलच्या मागच्या भागावर येतं, कारण सायकल पुढे झुकते आणि तुम्ही उभेच राहता. तळहातांवर जोर आला तर फार पुढे आहात, हात ताणले गेले तर फार मागे. ड्रॉपर (खोगीर खालीवर करणारी नळी) पूर्ण खाली.

आताच्या २९ च्या सायकलींचा चाकांमधला पल्ला १.२ मीटरच्या आसपास असतो. वळणात मागचं चाक पुढच्याच्या आतून जातं. म्हणून आत लवकर वळलात की मागचं चाक वळणाच्या आतल्या दगडावर चढतं किंवा कोपऱ्यात अडकतं. क्रम असा: वळणाच्या आधी, सरळ असतानाच वेग चालण्याइतका पाडा. बाहेरच्या कडेने आत शिरा. पुढचं चाक वळणाच्या पार टोकाला, वाटतं त्याहून अर्धा मीटर पुढे जाऊ द्या, मगच वळवा. पेडल समांतर, हनुवटी आणि बेंबी बाहेर पडायच्या वाटेकडे. मागचा ब्रेक हलका धरलेला, पुढचा फक्त वेग वाढू लागला तर पिसासारखा. दरीकडे बघू नका, चाक नजरेमागे जातं.

मागचं चाक उचलून फिरवायची युक्ती बरेच जण व्हिडिओत बघतात. ती सपाट, कोरड्या डांबरावर शेकडो वेळा जमली की मगच वाटेवर, आणि तीही घट्ट जमिनीवर. सुट्या खडीवर पुढचं चाक जाम केलं की ते फिरत नाही, सरकतं.

कडेकपारी

मुळांबद्दल दोन ओळी: काटकोनात ओलांडा, ओलांडताना ब्रेक सोडा, हातापायांनी सायकल किंचित हलकी करा. उतरत्या कडेची, तिरकी मुळं असतील तर वरच्या बाजूने शिरा, म्हणजे घसरलात तरी वाटेवरच राहाल. ओला कातळ काळपट आणि मऊ दिसत असेल तर तिथे शेवाळ आहे, चालत जा.

पाऊलखूण

चढ आणि वेळ. ३२ दातांची पुढची चकती आणि मागे ५१ किंवा ५२ असली तरी पायवाटेचा बराच चढ ढकलतच जातो. ढकलत तासाला ३०० मीटर उंची धरा. खांद्यावर घेऊन त्याहून कमी. म्हणजे ९०० मीटर चढ असेल तर तीन तास, विश्रांती वेगळी, आणि उतार अंधाराच्या दोन तास आधी संपला पाहिजे. उतारालाही ताशी पाच-सहा किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका.

खांद्यावर घेताना चेन बाहेरच्या बाजूला, पुढचं चाक फ्रेमला पट्ट्याने बांधा. नाहीतर ते दर पावलाला वळतं आणि हँडल डोक्यावर आपटतं.

जिथे चढ चालवता येतो तिथे खोगिराच्या टोकावर बसा, कोपर खाली. उभं राहिलात की मागचं चाक सरकतं. पायरीपुढे पेडल खालच्या दगडाला लागणार असेल तर पूर्ण फेरी मारू नका, पाव फेरी मारून परत आणा, पुन्हा पाव फेरी.

तेलपाणी

हत्यारांत मी चार गोष्टी कधीच सोडणार नाही: चेन तोडायचं हत्यार, तुमच्याच चेनला बसणारी क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी (१२ गिअरच्या चेनमध्ये कंपनीगणिक वेगळी लागते), तुमच्याच फ्रेमचा हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) आणि तो काढायची ॲलन की. दगडाला लागून डिरेलर आत वळला असेल तर मोठ्या गिअरवर जाऊ नका. पिंजरा आऱ्यांत अडकला की डिरेलर, हँगर, आरे तिन्ही जातात. यूडीएच (अनेक फ्रेमना चालणारा एकाच मापाचा) हँगर असेल तर त्याचा बोल्ट उलट आट्यांचा असतो, घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतो, २५ न्यूटन मीटर. गडबडीत नेहमीच्या दिशेने जोर लावणारे खूप.

डिरेलर गेलाच तर चेन छोटी करून एकाच गिअरवर आणता येते. पण मागे सस्पेन्शन असेल तर ती ताणून बसवू नका, शॉक दबला की बहुतेक फ्रेममध्ये मागचं चाक लांब जातं आणि चेन तुटते. थोडी सैल ठेवा.

निळीमाती

गुरं आणि माणसं, हा विषयही तितकाच महत्त्वाचा. ही वाट आधी त्यांची आहे. चालणारा दिसला की थांबा. घोडा किंवा लादलेलं जनावर समोरून आलं तर सायकलवरून उतरून खालच्या बाजूला उभे राहा आणि बोलत राहा, म्हणजे त्याला कळेल की हा माणूस आहे. चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं. कळपाचे राखणदार कुत्रे अंगावर आले तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, कळपाला लांबून वळसा घालून चालत निघा.

पावसानंतर वाटेवर पाऊल ठेवा. ठसा खोल उमटून कडेने चिखल वर आला तर परत फिरा. त्या चाकोऱ्या वाळून तशाच राहतात आणि पुढच्या पावसात त्यांतूनच पाणी वाहतं. डबकं आलं तर मधून जा. कडेने गेलात की दर वेळी वाट हातभर रुंद होते.

कडेकपारी

फोनला रेंज नसेल हे धरूनच चला. किमान तिघं, चौघं असले तर उत्तम: एक जखमीजवळ, दोघं मदतीला. मार्ग आणि परतायची वेळ कोणालातरी लिहून द्या. शिट्टी खांद्याच्या पट्ट्याला बांधलेली हवी, पिशवीच्या तळाशी नको, कारण हात मोडला तर पिशवी उघडता येत नाही. डोंगरातला संकटाचा इशारा: मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. रात्री हेच टॉर्चने.

स्पोक३२

सगळ्यांचे आभार. २०३ आणि १८० चे रोटर आणि धातूचे पॅड बसवतो. नवे बसवल्यावर लगेच उतारावर नेले तर चालतील का?

तेलपाणी

नाही. सपाट किंवा हलक्या उताराच्या रिकाम्या रस्त्यावर साधारण २०-२५ किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावा, मग थोड्या जास्त वेगावरून दहा वेळा. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. चाक जाम होऊ देऊ नका आणि पूर्ण थांबूही नका, नाहीतर पॅडचा थर रोटरवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे दर फेरीला तिथे धक्का बसत राहतो. रोटर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि त्यानंतर चेनला तेल देताना स्प्रे वापरू नका, थेंब थेंब घाला.